धार लावेस्तोवर

कामाच्या ऐन मध्यात हक्काने बसावं, बसलेल्याला कोणी हटकू नये, उलट बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस कामाचा पक्का आहे, असं काम जगात एकच: धार लावणं. निंदण करणारी बाई पाणी प्यायला थांबली की धुऱ्यावरच्या मालकाची मान वळते. गडी तंबाखू मळायला थांबला की मालकाला एकाएकी पावसाची आठवण होते आणि तो ‘आटपा रे’ म्हणतो. पण तोच गडी विळा घेऊन दगडापाशी टेकला की मालक गप्प. बोथट विळ्यावर दिलेली रोजी फुकट जाते हे त्यालाही कळतं. म्हणून धार लावेस्तोवर कोणी कोणाला काही बोलत नाही.

कचेरीत ही सोय नाही. तिथे चहा असतो, पण चहाला उठलेल्या माणसाच्या चालण्यात थोडी चोरी असतेच. सिगारेटवाला तर डॉक्टर, बायको आणि साहेब अशा तिघांचाही गुन्हेगार. ‘साहेब, जरा धार लावून येतो’ असं सांगायची रीत नोकरीत असती तर पुष्कळ राजीनामे टळले असते. धारेचं महत्त्व साहेबांना ठाऊक नाही असंही नाही. झाड तोडायला मिळालेल्या वेळातला बराचसा वेळ मी कुऱ्हाडीला धार लावण्यात घालवीन, अशा अर्थाचं एक वचन अब्राहम लिंकनच्या नावावर फिरत असतं आणि साहेबलोक ते कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर मोठ्या हौसेने टाकतात. लिंकन असं म्हणाल्याचा पुरावा नाही. साहेबांनी कोणाला तेवढा वेळ दिल्याचाही नाही.

हे सगळं सुचायची जागा म्हणजे माझ्या मामांचं शेत. सौंसर-पांढुर्णा रस्ता सोडून जामसांवलीच्या बाजूला आत वळलं की संत्र्याचे बगीचे लागतात, त्यातला एक मामांचा. मुलूख मध्य प्रदेशचा, बोलणं मराठीचं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरसकट विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यातले सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके वेगळे काढून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. सरकारी पाटी हिंदीत, बाजारातला हिशेब दोन्ही भाषांत आणि भांडण अस्सल मराठीत, अशी इथली वाटणी आहे.

पाऊस सरत आला की बगीच्यात गवत माजतं. ते कापायला ज्या मावशी येतात, त्यांच्याकडे बघत बसणं हा माझा आवडता उद्योग. त्या कापतात झपाझप, पण काही ओळी कापून झाल्या की धुऱ्यावर येऊन बसतात. तिथे त्यांचा एक गोटा ठरलेला आहे. भुरकट, वितीएवढा, एका बाजूने खोलगट झालेला. बाटलीतलं चार थेंब पाणी त्याच्यावर सोडायचं, विळ्याची मूठ उजव्या हातात, डाव्या हाताची दोन बोटं पात्यावर हलकी टेकवायची आणि मुठीपासून टोकापर्यंत वाकणावाकणाने पातं फिरवायचं. विळा वाकडा, गोटा ओबडधोबड, तरी दोघांची गाठ बरोबर कडेवरच पडते. दगडावर करडा राप धरतो. तो राप त्या पुसत नाहीत, कारण दगडाचे आणि लोखंडाचे सुटलेले कणही घासायचं काम करतातच. मग पातं उलटवून दुसऱ्या बाजूने तसंच. शेवटी अंगठा धारेवर आडवा फिरवायचा. उभा फिरवला तर अंगठ्याचीच चकती निघेल. आडव्या अंगठ्याला धार ‘लागली’ की विळा पदराला पुसायचा, दूरवर सौंसरच्या दिशेला एकदा बघायचं, कोणाच्या तरी सुनेची चौकशी करायची आणि मग उठायचं.

“मावशी, मघाच तर धार लावली होती ना?” मी एकदा विचारलं.

“तवाची धार तवाच सरली नं भाऊ,” मावशी म्हणाल्या. “आताची आता लागते.”

हे सबब म्हणून ऐकायला छान आहेच, पण शास्त्रालाही धरून आहे. गवत जमिनीतून सिलिका शोषतं आणि आपल्या पानांत साठवतं. रेती ज्या द्रव्याची, त्याच जातीचे बारीक कण गवताच्या पात्यात असतात. बोटाला गवत कापतं ते उगाच नाही. त्यात पानांवर बसलेली धूळ. म्हणजे विळा गवत कापत असतो तेव्हा गवतही विळ्याला घासत असतं. फरक एवढाच की गवत विळ्याची धार काढतं आणि गोटा ती परत आणतो. युरोपातले गवत कापणारे लांब दांड्याचं मोठं पातं चालवतात. तेही दर थोड्या मिनिटांनी थांबून धार लावतात. त्यासाठी कमरेला पोकळ शिंग बांधतात, त्यात पाणी आणि पाण्यात दगड. पातं फारच जाड झालं तर जमिनीत ठोकायची छोटी ऐरण काढतात आणि हातोडीने कड ठोकून पातळ करतात. आल्प्सच्या उतारावर काय किंवा आमच्या जाम नदीच्या काठाला काय, गवत कापणाऱ्याला बसायची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे.

मामांचा नातू पुण्यात असतो आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतले किल्ले चढतो. यंदा तो आला तो एक सुरी आणि तिचा लवाजमा घेऊन. सुरी खिशात मावणारी. लवाजम्याला मात्र वेगळी पिशवी. त्यात पत्त्याच्या पानाएवढी डायमंड पट्टी, चिनी मातीची कांडी, दोन खाचांची एक डबी, चामड्याची पट्टी, तिच्यावर फासायची हिरवी पेस्ट आणि कोन धरायला प्लास्टिकचं पाचर. ही पिशवी उघडून तो खाटेवर एकेक वस्तू मांडायला लागला तेव्हा मामा कौतुकाने म्हणाले, “दुकान कवा लावतं बाप्पा?”

त्या दिवशी शेतात रोडग्यांचा बेत होता. आमच्या भागात मारुतीला रोडगे लागतात. जाड दळलेल्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, सोबत वरण, वांग्याची तिखट भाजी आणि वर तुपाची धार. तर वांगी चिरायची होती आणि घरून आलेली सुरी इतकी बोथट की वांगं चिरायच्या ऐवजी दबायचं. अशी सुरी धारेच्या सुरीपेक्षा जास्त धोक्याची. धारेची सुरी वांग्यात शिरते. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, ती वांग्यावरून घसरते आणि मग बोटात शिरते. नातू उत्साहाने पुढे सरसावला.

त्याने सांगितलं ते सगळं खरं होतं. सुरीची पाठ दगडापासून किती उचलायची यावर सगळा खेळ. स्वयंपाकाच्या सुरीला एका बाजूने पंधरा ते वीस अंश पुरे, कुऱ्हाडीला त्याहून जास्त. अडीच सेंटिमीटर रुंद पात्याला वीस अंशांचा कोन हवा असेल तर पाठ साधारण साडेआठ मिलिमीटर उचलावी लागते. एका बाजूने घासत राहायचं. पलीकडच्या बाजूला धातूची अगदी बारीक, दुमडलेली कड जाणवली की ती बाजू झाली. नखाला ती कड अडते. मग सुरी उलटवायची. शेवटी चामड्यावर पातं उलट्या दिशेने ओढून ती कड झटकून टाकायची. खाचांच्या डबीत सुरी दोनदा ओढली की काम होतं, पण ती डबी धातू ओरबाडून काढते, म्हणून ती घाईच्या वेळेपुरती. एवढं सांगून होईपर्यंत त्याचा कोन मात्र ठरत नव्हता. पाचर लावून बघितलं, काढून बघितलं, फोनवर एक व्हिडिओ बघितला.

मामी तेवढ्यात शेतातल्या खोलीत गेल्या. घरी टवका उडालेले कप आमच्याकडे टाकत नाहीत, त्यांची बदली शेतावर होते. त्यातला एक मामींनी पालथा घातला. चिनी मातीच्या कपाला सगळीकडे चकाकी असते, फक्त बुडाच्या कडीला नसते. भट्टीत तो चिकटू नये म्हणून तेवढी कडी कोरी सोडतात. ती कोरी कडी पोलादापेक्षा कठीण असते. मामींनी तिच्यावर सुरी दोन्ही बाजूंनी काही वेळा ओढली, पदराला पुसली आणि वांग्याचे चार भाग केले. नातवाने कप हातात घेऊन बुड बघितलं. त्याच्या कांडीतला आणि कपातला माल एकाच जातीचा आहे, हे त्याच्या लक्षात आलं. किमतीतला फरक त्याने मनातल्या मनात काढला असावा, कारण त्यानंतर तो बराच वेळ गप्प होता.

बाहेर, रानात, हाताशी काही नसताना धार लावायची तर अशा पुष्कळ वस्तू निघतात. मोटारीच्या दरवाज्याची काच खाली केली की तिची वरची, कारखान्यात घासलेली कड चालते. विटेची सपाट बाजू चालते, पण वीट धारेपेक्षा ओरखडेच जास्त देते. एका सुरीची पाठ दुसरीच्या धारेला थोडी सरळ करते. खाटिकाच्या हातातली पोलादी कांडी तेच करते: ती लोखंड फारसं घासून काढत नाही, वळलेली कड उभी करते. कमरेचा पट्टा चामड्याचा असेल तर शेवटचा हात त्याच्यावर. लाकडाच्या फळीवर बारीक रेती पसरून तिच्यावर कोयता घासायची जुनी पद्धतही आहे. फळी दगडासारखी झिजून खोलगट होत नाही आणि रेती काय, नदी देते. पाट्यावर मात्र सुरी घासायची नाही. ते शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही, पण आजीच्या हयातीत कोणी करून बघितल्याचंही ऐकिवात नाही.

मावशींच्या गोट्याची गोष्ट वेगळी. नदीतला कुठलाही दगड उचलला आणि घासला असं होत नाही. मी एकदा जामच्या पात्रातला एक देखणा, गुळगुळीत काळा गोटा त्यांना आणून दिला. त्यांनी विळा दोनदा फिरवला आणि गोटा बाजूला ठेवला. “हा नुस्ता सरकते,” त्या म्हणाल्या. “माहा गोटा चावते.”

दगडाने चावण्यासाठी त्यातले कण लोखंडापेक्षा कठीण असावे लागतात. फ्रीडरिश मोह्स या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. पाणी दिलेलं पोलाद त्यात साडेपाच-साडेसहाच्या आसपास बसतं. गारेचा नंबर सात, कुरुंदाचा नऊ, हिऱ्याचा दहा. आपला दख्खनी काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, ज्या खनिजांचा बनलाय त्यांचा कठीणपणा सहाच्या आगेमागे. म्हणजे विळा आणि काळा गोटा ही बरोबरीची जोडी. दोघं एकमेकांवर सरकतात आणि फारसं काही घडत नाही. पण सौंसरच्या जमिनीखाली निव्वळ काळा दगड नाही. भूशास्त्राच्या पुस्तकांत ‘सौंसर’ नावाचा एक खडकांचा समूहच आहे आणि तो या गावावरून ओळखला जातो. त्यात संगमरवर आहे, अभ्रकाचे चमकणारे थर आहेत, गारेचा घट्ट खडक आहे आणि मँगनीज आहे. मावशींचा भुरकट, उन्हात चमचमणारा गोटा त्या घराण्यातला वाटतो.

या मँगनीजच्या मागे लुईस फर्मोर नावाचा इंग्रज भूशास्त्रज्ञ भारतभर हिंडला आणि १९०९ साली त्याने त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. मध्य प्रांतातल्या एका खडकाला त्याने गोंडांवरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं. त्या खडकात गार आणि स्पेसार्टिन नावाचा मँगनीजयुक्त गार्नेट असतो. आता गंमत बघा. बेल्जियममधल्या आर्देन भागात एक पिवळसर दगड निघतो, कोटिक्यूल. युरोपातल्या न्हाव्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर वस्तरे परजले आणि आजही हौशी लोक त्याला भरपूर पैसे मोजतात. त्या दगडाची करामत ज्या कणांत आहे, तो हाच स्पेसार्टिन गार्नेट. मायक्रॉनमध्ये मोजावा इतका बारीक, म्हणून वस्तऱ्याला चालणारा. आमच्याकडच्या खडकात तेच खनिज भरड. त्यामुळे कोणी गोंडाइट खिशात घालून दाढीला बसू नये. पण साहेबांच्या गालावरून फिरलेल्या वस्तऱ्याचं आणि आमच्या मँगनीजच्या खाणींचं खनिज एकच, हे कळल्यावर मामांची छाती थोडी रुंदावली.

माणसाने नंतर दगड शोधायच्या ऐवजी बनवायला घेतला. एडवर्ड ॲचिसनने १८९०च्या दशकात विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केलं आणि धारेचा दगड कारखान्यात निघायला लागला. आज सौंसरच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूने भरड, दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड सहज मिळतो. तो फुटला की त्याचा तुकडा खिशात घालून रानात न्यावा. पाण्याचे चार थेंब आणि असा तुकडा, एवढ्यावर बाहेरची बहुतेक कामं भागतात. नातवाच्या पिशवीच्या बदल्यात मी हा तुकडा सुचवला, पण फुटलेली वस्तू घेऊन किल्ल्यावर जाणं त्याला पटलं नाही.

संत्र्याच्या मुलखात सगळ्यात धारदार सुरी गवतवाल्यांची नसते, कलम बांधणाऱ्यांची असते. वरुड, शेंदुरजनाघाटकडच्या रोपवाटिकांतलं हे कसब. जंबेरीचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्या सालीला इंग्रजी ‘टी’च्या आकाराची चीर द्यायची, साल हलकेच उचलायची आणि संत्र्याचा डोळा आत सरकवून वर पट्टी बांधायची. चीर सालीतूनच जावी, आतल्या लाकडात रुतू नये. सुरी बोथट असेल तर साल फाटते, कडा काळ्या पडतात, डोळा जगत नाही आणि वर्षभराची मेहनत मातीत जाते. अशा एका कलमवाल्याला मी काम करताना बघत होतो. प्रत्येक खुंट संपला की तो पायातली चपल काढायचा, तिच्या चामड्यावर सुरीची दोन्ही अंगं ओढायचा, चपल पायात सरकवायचा आणि पुढच्या खुंटाकडे वळायचा. एवढ्या वेळात पाठ सरळ व्हायची. संत्र्याचं झाड उभं राहतं ते या चपलेच्या जोरावर, हे फळ सोलणाऱ्याला कोण सांगणार?

ज्यांना स्वतःला बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी धार लावणारेच फिरत येतात. सायकल स्टँडवर उभी करून मागच्या चाकाच्या जोरावर सहाणेचं चाक फिरवणारा धारवाला आता नागपूरच्या गल्ल्यांतही क्वचित दिसतो. त्याची हाळी ऐकली की आया-बाया कातऱ्या, सुऱ्या, विळ्या घेऊन बाहेर येतात आणि ठिणग्या बघायला पोरं जमतात. शिकलगारांच्या कित्येक पिढ्या तलवारींना धार लावण्यात गेल्या. लढाया संपल्यावर त्यांच्या वाट्याला कुलपं, किल्ल्या आणि भाजीच्या सुऱ्या आल्या. पावसाळ्याआधी रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरतं: पोरगं भाता चालवतंय, बाई घण मारतेय, बापाच्या सांडशीत लाल झालेला फाळ. दगडाने जे होत नाही ते इथे होतं. कड जाडावली की विळा तापवून ठोकून पाजवतात, पुन्हा पाणी देतात. अख्खा कारखाना बैलगाडीवर लादून गावोगाव फिरणाऱ्या या लोकांना नातवाच्या पिशवीचं नवल वाटण्याचं कारण नाही.

तशी ही पिशवी फार जुनी आहे. १९९१ साली ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर बर्फात एक माणूस सापडला. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्याजवळ गारगोटीचा सुरा होता आणि तो सुधारायला लिंडेनच्या लाकडात हरणाच्या शिंगाचं टोक बसवलेली एक कांडी होती. गारगोटी घासून धारदार होत नाही, कडेचे टवके दाबून काढावे लागतात, त्यासाठी ती. त्याची हत्यारं अभ्यासणाऱ्यांना दिसलं की ती पुन्हापुन्हा धार काढून जवळजवळ संपत आली होती. डोंगरात त्याला नवी गारगोटी मिळत नव्हती. तो मेला तो पाठीत बाण लागून. म्हणजे त्याच्या मागावर कोणीतरी होतं, आणि अशा धावपळीतही हा बसून हत्यार सुधारत होता. धारेचं काम पळणाऱ्यालाही थांबवतं.

दगड आणि लोखंड यांची गाठ आमच्याकडे आणखी एका जागी पडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात. त्याच दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मध्ये जामच्या पात्रात गोटमार होते. नदीत पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. पांढुर्ण्याच्या गड्याने कुऱ्हाड घेऊन झाडापर्यंत पोचायचं आणि ते तोडायचं. माणसं दरवर्षी जखमी होतात, काही दगावलीही आहेत, त्यामुळे तिची गंमत सांगवत नाही. पण एक गोष्ट मला तिथे कळते. त्या गड्याला नदीच्या मध्यात धार लावत बसता येत नाही. आजूबाजूला इतके गोटे असतात, पण एकही त्या कामाचा नसतो. धारेला दगड लागतो त्याहून जास्त निवांतपणा लागतो. त्याने आदल्या रात्रीच बसून घेतलेलं असावं लागतं.

आपल्या लोकांनी हे बसणं पंचांगातही लिहून ठेवलं आहे. पोळ्याला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. खंडेनवमीला हत्यारं धुऊन-पुसून पुजेला मांडतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. बैलांना सुट्टी, विळ्या-कुऱ्हाडींना सुट्टी. फक्त माणसाची सुट्टी कुठे दिसत नाही. त्याने ती दगडापाशी बसून थोडी थोडी काढून घ्यायची.

आणि जामसांवलीत तर हे बसणं देवापर्यंत पोचलं आहे. मारुती म्हणजे कामाचा देव. कुठे द्रोणागिरी उचललेला, कुठे उड्डाण भरलेलं, कुठे रामापुढे हात जोडून हुकमाची वाट बघत उभा. बसलेला मारुती विरळा. इथला मारुती पिंपळाखाली चक्क पहुडलेला आहे. अंगभर शेंदूर, नाभीतून झिरपणारं पाणी तीर्थ म्हणून घेतात, मंगळवारी-शनिवारी नागपूरपासून माणसं येतात. कोणी सांगतात, संजीवनी आणताना तो इथे विसावला. कोणी सांगतात, मूर्ती आधी उभी होती, खालचं धन काढायला चोर आले तेव्हा तिने अंग टाकलं आणि मग ती कोणाला हलवता आली नाही. दोन्ही गोष्टी श्रद्धेच्या. माझं आपलं साधं म्हणणं आहे. मारुतीचं हत्यार गदा. गदेला धार लागत नाही. म्हणजे धार लावायच्या निमित्ताने घटकाभर टेकायची सोय त्याला जन्मात मिळाली नाही. शेवटी बिचाऱ्याला सरळ आडवंच व्हावं लागलं. हे मी मामींना सांगितलं. त्यांनी आधी कानाच्या पाळीला हात लावला, मग हसल्या, आणि परत हात लावला.

धार लावण्याला एक किंमत आहे, ती मात्र विसरू नये. धार लावतो म्हणजे आपण लोखंड कमी करतो. जी सुरी कधी दगडावर गेली नाही ती दिवाणखान्यात भिंतीवर लटकते आणि नातवंडांपर्यंत पुरते. मावशींचा विळा कधीकाळी चांगला तीन बोटं रुंद असेल. आता तो द्वितीयेच्या चंद्रकोरीसारखा झाला आहे. गोटाही मधोमध खोल गेला आहे. दोघांनी मिळून किती गवत कापलं याची नोंद कुठे नाही. नवा विळा आणून ठेवलाय, पण तो अजून हाताला लागला नाही म्हणतात. नव्यात लोखंड भरपूर, आणि भरपूर लोखंड मनगटाला जड.

जायच्या दिवशी नातवाने मन मोठं करून आपली डायमंड पट्टी मावशींना दिली. कशी धरायची, किती हलका हात ठेवायचा, सगळं समजावलं. मावशींनी धुऱ्यावर बसून विळा तिच्यावर फिरवला. अंगठा आडवा फिरवून बघितला. भुवया वर गेल्या. पुन्हा बघितला. मग त्यांनी पट्टी पदराला पुसून त्याच्या हातात परत दिली.

“चांगलं हाय रे बाप्पा,” त्या म्हणाल्या, “पण लवकर होते.”

मामांनी लगेच पट्टीची किंमत विचारली.